पंचांग, एस.टी. आणि समुद्र: महाड-पोलादपूरकरांसाठी

रायगड हा समुद्रकाठचा जिल्हा असला, तरी त्याच्या दक्षिण टोकाला सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या महाड आणि पोलादपूर या तालुक्यांच्या वाट्याला समुद्रकिनारा आलेला नाही. आणि तरीही समुद्राशी त्यांचा संबंध इतका जुना व घनिष्ठ आहे, की भरतीच्या पाण्याबरोबर बाणकोटच्या खाडीतून वर चढणारी गलबते एके काळी थेट महाडच्या बंदराला लागत आणि घाटमाथ्यावरून उतरलेला माल येथूनच समुद्रमार्गे रवाना होत असे. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड आणि दासगाव यांवरून वाहत जाऊन हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्या दरम्यान अरबी समुद्राला मिळते. गलबतांचा तो व्यापार संपला, आणि आता समुद्र पाहावयाचा तर पदरी मोटार असावी लागते, अशी समजूत या भागात रूढ झाली आहे. ती खरी नाही. पंचांग पाहून दिवस ठरविला आणि एस.टी.च्या वेळापत्रकावर प्रवास बेतला, तर सामान्य कुटुंबालाही समुद्राचा एक उत्तम दिवस पदरात पाडून घेता येतो. मात्र तेथे काय दिसेल आणि काय दिसणार नाही, याची कल्पना आधीच स्पष्ट असावयास हवी.

प्रथम देवमाशाविषयी, कारण हल्ली पुष्कळांची चौकशी तेथूनच सुरू होते. श्रीलंकेत मिरिस्सा येथून निळे देवमासे पाहण्यासाठी नावा सुटतात, तशी सोय आपल्याकडे कोठे आहे, असे विचारले जाते. त्याचे सरळ उत्तर असे, की कोकणच्या किनाऱ्यावर देवमासा दाखविण्याची हमी कोणालाही देता येणार नाही आणि जो ती देतो त्याच्या नावेत बसू नये. याचा अर्थ देवमासे आपल्या समुद्रात नाहीत असा नव्हे. जून 2015 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, रेवदंड्याच्या किनाऱ्याला, सुमारे 42 फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत अवस्थेत लागला आणि माणसांनी केलेल्या खटपटीनंतरही तेथेच मरण पावला. त्याच वर्षी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत डॉल्फिनांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना जिवंत निळे देवमासे पोहताना दिसले. अरबी समुद्रातील कुबड्या देवमाशांची हकीकत तर याहून विलक्षण आहे. जगातील त्यांचे इतर जातभाई दरवर्षी ध्रुवाकडच्या थंड पाण्यात भक्ष्यासाठी जातात, पण हा समूह मात्र बारमाही याच उष्ण समुद्रात राहतो. ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभराच्याही आत असल्याचा अंदाज आहे. तेथे उपग्रहाशी जोडलेली खूण अंगावर लावलेली ‘लुबान’ नावाची मादी 2017 च्या अखेरीस संपूर्ण अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आली होती. हे वैभव आपल्या दारावरून जाते, परंतु ते खोल पाण्यातून जाते, आणि एका दिवसाच्या सहलीला त्याचा भरवसा धरता येत नाही.

भरवसा धरावा तो डॉल्फिनाचा. किनाऱ्यावरचे कोळी ज्याला गादा म्हणतात, तो करड्या रंगाचा कुबडी डॉल्फिन उथळ पाण्यातच, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, आणि विशेषतः खाड्यांच्या मुखांशी वावरतो, कारण नदीने आणलेल्या गाळावर तेथे मासळी पोसली जाते. सावित्रीच्या मुखाशी जी मासळी वाढते, तिच्यामागे पोलादपूरच्या डोंगरांतून वाहत आलेले पाणी आहे. म्हणून महाडच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नदीत कोणत्या अवस्थेत सोडले जाते, हा प्रश्न केवळ नदीकाठच्या गावांचा नसून समुद्रातील या प्राण्यांचाही आहे, असे मी मानतो. गादा ओळखणे कठीण नाही. आधी लांब चोच पाण्याबाहेर येते, मग पाठ कमानदार होते, पाठीवरचा लांबट उंचवटा आणि त्यावरचा लहानसा पर क्षणभर उन्हात चकाकतो, आणि पाणी पुन्हा मिटते. नवख्याची नजर तेथे पोहोचेपर्यंत तो दुसरीकडे वर आलेला असतो. एकच जागा निरखीत बसण्यापेक्षा पाण्याचा मोठा पट्टा सावकाश न्याहाळीत राहावे.

आता दिवस ठरविण्याविषयी. येथे बहुतेक मंडळी प्रथम सुटीचा वार पाहतात. पाहावयाची असते तिथी. कोकणात पूर्वापार चालत आलेला हिशेब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची सुमाराची वेळ मिळते, मग पक्ष शुद्ध असो वा वद्य. पंचमीची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, सकाळी दहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला हाच हिशेब सव्वाअकरावर येतो, आणि त्या दिवशी उधाण असल्याने पाणी चढतेही अधिक. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. हा अंदाज आहे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावेच. महाडकरांना उधाण म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको; 22 जुलै 2021 रोजी, आषाढी पौर्णिमेला दोनच दिवस उरले असताना, शहराने जो महापूर सोसला त्याची आठवण अद्याप ताजी आहे.

तिथीचे महत्त्व हरिहरेश्वरी प्रत्यक्ष कळते. तेथील देवळामागून, डोंगराच्या फटीतून पायऱ्या उतरून, प्रदक्षिणेचा मार्ग थेट समुद्रालगतच्या खडकांवर येतो. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने त्या कातळावर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे कोरलेली आहेत आणि ती पाहत पाहत माणूस सहज रेंगाळतो. पण ही वाट ओहोटीलाच मोकळी असते, आणि भरतीच्या वेळी या खडकांवरून माणसे वाहून गेल्याचे दुर्दैवी प्रसंग घडलेले आहेत. महाडहून पहाटेच्या गाडीने निघून, माणगावी गाडी बदलून, म्हसळ्यावरून हरिहरेश्वर गाठणाऱ्यास पोहोचता पोहोचता नऊ-साडेनऊ वाजावयाचे. तो दिवस पंचमीचा वा षष्ठीचा असेल तर प्रदक्षिणेची वाट नेमकी उघडी मिळते. पौर्णिमेचा असेल तर पाणी चढत असते, ओहोटी संध्याकाळवर जाते, आणि ओहोटीची वाट पाहत बसल्यास परतीची गाडी निघून जाते. प्रदक्षिणा आटोपल्यावर उंचावरून खाडीच्या मुखाकडे तासभर नजर लावून बसावे; नावेचे भाडे न देताही गादा दिसू शकतो. दुपार श्रीवर्धनला घालवावी. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे ते मूळ गाव, आणि 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने मोडून टाकलेल्या रोठा सुपारीच्या वाड्या तेथे पुन्हा उभ्या राहत आहेत.

पोलादपूरकरांना दुसरी दिशा अधिक जवळची: कशेडी ओलांडून खेड, खेडहून दापोली, आणि दापोलीच्या स्थानकावरून मुरूड, हर्णै किंवा आंजर्ले. मुरूड-कर्दे भागात डॉल्फिन दाखविणाऱ्या नावा आहेत. परंतु समुद्र निवांत असतो तो सकाळी, दुपारनंतर वारा उठतो, आणि घरून पहिल्या गाडीने निघणारा माणूस तेथे पोहोचेपर्यंत ती वेळ सरत आलेली असते. म्हणून दापोलीची सहल एका दिवसात उरकण्याचा अट्टाहास करू नये. आदल्या दिवशी जाऊन, संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहून, मुक्काम करावा. कोकण रेल्वेचे वीर स्थानक महाडला जवळ आहे खरे, परंतु तो लोहमार्ग किनाऱ्यापासून बराच आत असल्याने या कामी त्याचा उपयोग थोडाच.

एस.टी.ने जाणाऱ्याने एक शिरस्ता पाळावा: जाण्याच्या गाडीपेक्षा परतीच्या गाडीची चौकशी आधी करावी, तीही आगाराच्या चौकशी खिडकीवर आणि पुन्हा उतरल्या ठिकाणच्या वाहतूक नियंत्रकाकडे. शेवटच्या गाडीवर विसंबू नये. तिच्या आधीची गाडी आपली समजावी, म्हणजे काही बिघाड झाल्यास शेवटची हाताशी उरते. 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे. घरातील आजींना या सहलीतून वगळण्याचे कारण आता उरलेले नाही. हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नावेत बसण्याचा विचारही करू नये.

नावेत बसल्यावर जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे, आणि नावाड्याला प्रथमच सांगावे की डॉल्फिनांचा पाठलाग नको. कळपाच्या मधून नाव घालणे, त्यांची वाट अडविणे, पिल्लू असलेल्या मादीच्या जवळ जाणे, हे सारे त्यांना जाच करणारे आहे. दूर राहून, गती कमी करून, त्यांच्या दिशेला समांतर चालावे. गिऱ्हाइकांनीच असा आग्रह धरला तर नावाडी तो मानतील, कारण त्यांचाही चरितार्थ या प्राण्यांच्या तेथे राहण्यावरच अवलंबून आहे.

किनाऱ्यावर फिरताना एखादा डॉल्फिन किंवा देवमासा वाळूत अडकलेला आढळला, तर त्याला शेपटीने ओढू नये, डोक्यावरच्या श्वासरंध्रात पाणी जाऊ देऊ नये, अंगावर ओले फडके टाकून सावली धरावी, आणि बघ्यांची गर्दी दूर ठेवावी. देवमासे आणि डॉल्फिन यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. मेलेल्या प्राण्याचा दातही उचलून नेऊ नये. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक 1926 आहे. निघण्यापूर्वी तो टिपून ठेवावा.