कावेरीचं पाणी, घटनेचा बांध

१२ जून! तंजावरच्या शेतकऱ्याला ही तारीख सणासारखी. मेट्टूर धरणाचे दरवाजे या दिवशी उघडायचे आणि त्रिभुज प्रदेशातल्या गावांत कुरुवै भाताची लगबग सुरू व्हायची, असा रिवाज. पण धरणातच पाणी नसलं तर? मेट्टूर भरतं ते मुख्यतः कर्नाटकातून खाली येणाऱ्या कावेरीवर. वरच्याने हात आखडला की खालच्याचं शेत कोरडं!

व्यंकोजीराजांच्या या तंजावरकडच्या शेतकऱ्यांच्या संघटनेनं १९८३ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्रानं जून १९९० मध्ये कावेरी लवाद नेमला. २५ जून १९९१ रोजी लवादानं हंगामी हुकूम दिला : वर्षाला २०५ टीएमसी (म्हणजे २०५ अब्ज घनफूट) पाणी मेट्टूरला पोचलं पाहिजे.

महिनाभरातच कर्नाटकनं वटहुकूम काढला. आपल्या शेतकऱ्यांचं पाणी राखण्यासाठी लवादाचा हुकूम बाजूला सारायची सोय त्यात होती. मंड्याच्या शेतकऱ्यालाही पोट आहेच की! मग सरकारनं त्याची बाजू घेतली, तर बिघडलं कुठे?

बिघडलं ते असं. पाणी हा राज्याचा विषय खरा, पण आपल्या हद्दीपुरता. दोन राज्यांतून वाहणाऱ्या नदीच्या तंट्यासाठी घटनेचं २६२ वं कलम आहे. त्यानुसार संसदेनं १९५६ मध्ये कायदा केला आणि निवाडा लवादाकडे सोपवला. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयानं सांगितलं, हा वटहुकूम घटनाबाह्य आहे. स्वतःच्याच खटल्यात कुणाला न्यायाधीश होता येत नाही आणि निवाडा पटला नाही म्हणून कायदा करून तो पुसताही येत नाही.

अर्थात, निकालानं नदीला पूर येत नाही. डिसेंबर १९९१ मध्ये कर्नाटकात दंगली उसळल्या, माणसं मेली. अंतिम निवाड्याला २००७ साल उजाडलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकनं सोडायचं पाणी १९२ वरून १७७.२५ टीएमसीवर आणलं. बंगळुरूच्या तहानेचाही त्यात विचार झाला. त्याच वर्षी वाटपावर देखरेख करणारं प्राधिकरण नेमलं गेलं. पाऊस दगा देतो तेव्हा भांडण आजही पेटतं.

कृष्णा-गोदावरीच्या लवादांमुळे महाराष्ट्रालाही ही वाट ओळखीची आहे. बहुमताचं सरकार असलं, तरी त्याच्या अधिकाराला बांध हवाच. तो नसता, तर तंजावरच्या शेतकऱ्यानं दाद मागायची कुणाकडे?