दोन वर्षांचा करार, पंधरा वर्षांचं मांजर

मस्कतमधल्या मराठी घरात पहिलं मांजर बहुधा विकत आणलेलं नसतं. मत्राच्या बाजारात, रुवीच्या गल्लीत, उभ्या गाडीखालच्या सावलीत एखादं पट्टेरी पिल्लू दिसतं, आणि ‘आई, ठेवूया ना गं’ सुरू होतं.

पण एकटं दिसलेलं पिल्लू लगेच उचलू नये. आई बहुतेक वेळा खाणं शोधायला गेलेली असते. उन्हात असेल तर जवळच्याच सावलीत सरकवावं आणि लांबून वाट पाहावी. आठ आठवडे, जमलं तर बारा, ते आईजवळच राहिलेलं चांगलं. ओमानात कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळतो, तेव्हा रस्त्यावरचं मांजर चावलं किंवा त्यानं ओरबाडलं, तर जखम साबणपाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन तडक डॉक्टरांकडे जावं.

घरी आणल्यावर पशुवैद्य, जंताचं औषध, लसी. रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्यानंतर, नसबंदी पिल्लू पाच-सहा महिन्यांचं झाल्यावर. पहिले काही दिवस एकच खोली द्यावी. अख्खं घर एकदम समोर आलं की पिल्लू कपाटामागे दडून बसतं.

खरी चूक होते ती खाण्यापिण्यात. आपल्या आजीकडचं मांजर दूधभातावर वाढलं, हे अर्धंच खरं. ते दिवसभर उंदीर मारायचं; दूधभात वरचा खाऊ होता. मांजराला टॉरिन हे द्रव्य मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. अल खुवैरच्या चौथ्या मजल्यावर उंदीर कुठून येणार? दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतच नाही. कांदा-लसूण घातलेलं आपलं जेवण त्याला विषारी आहे, आणि पॅरासिटामॉलच्या एका गोळीनंही जीव जाऊ शकतो.

पाण्याचं तर या देशाशीच नातं आहे. पाळीव मांजराचे पूर्वज पश्चिम आशियातली कोरड्या मुलखातली रानमांजरं. ओमानच्या रानात त्यांचे भाऊबंद आजही आहेत. शिकारीच्या मांसातूनच त्यांना बरंचसं पाणी मिळतं, म्हणून मांजराला तहान कमी लागते. एसीच्या खोलीत नुसते कोरडे दाणे खाणारं मांजर त्यामुळे नकळत पाण्यावाचून राहतं. बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग अडला असेल तर एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. म्हणून ओलं अन्न द्यावं, पाण्याची भांडी ट्रेपासून लांब, दोन-तीन जागी ठेवावीत.

आता शीर्षकातला प्रश्न. नोकरीचा करार दोन वर्षांचा, मांजर जगतं बारा-पंधरा वर्षं. नोकरी सुटली की आठवड्याभरात सामान बांधायचं, आणि घरात लाडावलेला जीव मे महिन्याच्या उन्हात रस्त्यावर सोडायचा, हे मला सहन होत नाही. घरात वाढलेल्या मांजराला कचराकुंडीजवळच्या टोळीत जागा मिळत नाही. भारतात नेता येतं, पण तयारी महिनोन्महिने आधी लागते: मायक्रोचिप, रेबीजच्या लसीची नोंद, आरोग्य प्रमाणपत्र आणि भारतातल्या प्राणी विलगीकरण कार्यालयाची आगाऊ परवानगी. म्हणून लसीची पुस्तिका पहिल्या दिवसापासून घरच्यांच्या पासपोर्टांसोबत ठेवावी, त्याच पिशवीत.