दुकान शेतीचं, हप्ता मात्र दर महिन्याचा

बारामती-इंदापूर भागात बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेल्या मुलासमोर एक रस्ता हमखास येतो, कृषी सेवा केंद्राचा. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी आता शेती किंवा विज्ञान शाखेची ठरावीक पात्रता लागते, म्हणून डिग्रीला किंमत आहे. पण भांडवलासाठी बँकेत जावं लागतं, आणि बऱ्याच घरांची झोप तिथूनच उडते.

कारण साधं आहे. इथलं मोठं गिऱ्हाईक ऊसवाला. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, तोड पंधरा-अठरा महिन्यांनी. खत-औषध उधारीवर जातं, "बिल आलं की देतो" या शब्दावर. ऊस गेल्यावर 14 दिवसांत एफआरपी द्यावी असा नियम आहे. पण तोडच लांबली तर? 10 लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी 7 वर्षांसाठी धरलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे 17 हजार. तो थांबत नाही.

इथे बरेच जण फसतात. पीककर्ज थकीत ठरवताना पिकाचा हंगाम बघतात. दुकानाच्या कर्जाला ती सवलत नाही, 90 दिवस हप्ता थकला की खातं एनपीए. कर्जमाफीचंही तेच. 2019 ची महात्मा जोतिराव फुले योजना पीककर्जासाठी होती, दुकानासाठी नव्हती.

कृषी पदवीधरांसाठी 2002 पासून अ‍ॅग्री क्लिनिक योजना आहे. 45 दिवसांचं मोफत प्रशिक्षण, एकट्याला 20 लाखांपर्यंतच्या प्रकल्पावर 36 टक्के सबसिडी, मुलींना 44 टक्के. (घरात अ‍ॅग्री झालेली मुलगी असेल तर तिच्या नावाचा विचार आधी करा.) मात्र ही रक्कम हातात येत नाही. बँकेत वेगळ्या खात्यात राहते, शेवटी कर्जात वळती होते. तेवढ्या भागावर व्याज लागत नाही, एवढाच मधल्या काळातला दिलासा. सबसिडीच्या भरवशावर माल भरलेला पोरगा वर्षभरात अडकतो.

मग तो बोलायचा बंद होतो. अब्बांची जमीन तारण, सातबाऱ्यावर बोजा, चुलते जामीन, लग्नाचा विषय पुढे ढकललेला. त्यात आपल्याकडे सूदाची बोच वेगळी. तो प्रश्न कर्ज घेण्याआधी जाणत्या आलिमांना विचारावा. सही झाल्यावर रोज टोमणे मारून काय साधतं? उधारी लिहून ठेवायला मात्र सूरह बकरामध्येच सांगितलंय, तरी दुकानात भाऊबंदाची सही घ्यायला आपण लाजतो.

बँकेत पहिल्याच दिवशी विचारा, हप्ता कधीपासून सुरू? अ‍ॅग्री क्लिनिक योजनेत परतफेड 5 ते 10 वर्षांची आणि सुरुवातीला जास्तीत जास्त 2 वर्षांची सवड मिळू शकते. पहिला हप्ता चुकण्याची चिन्हं दिसली की मॅनेजरला लेखी अर्ज द्या, मुदत वाढवून मागा. 90 दिवस उलटण्याची वाट बघू नका. आणि मुलगा रात्र-रात्र जागा असेल, जेवत नसेल, तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. फोन मोफत, मराठीत बोलता येतं, घरच्यांनीही करता येतो.