टांगा गेला, टांगेवाला कुठे गेला? : माथेरानच्या ई-रिक्षांच्या निमित्ताने

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. शिंदखेड्याहून आमच्या शाळेची सहल माथेरानला गेली होती. नेरळला एसटी थांबवून टॅक्सीने आम्ही दस्तुरी नाक्यावर पोहोचलो. तिथून पुढे मोटार जात नाही. बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर लाल मातीची वाट. मुले उड्या मारत निघाली. पण नववीतल्या एका मुलीचा पाय लहानपणापासून अधू होता. घोड्याची तिला भीती वाटे. शेवटी तिच्यासाठी हातरिक्षा ठरवली. पुढे एक माणूस दांडी धरून ओढणार, मागून दुसरा ढकलणार. पुढचा माणूस माझ्या अब्बांच्या वयाचा होता. मुलगी काही बसेना. "टीचर, मला लाज वाटते," म्हणाली. मीही गप्प झाले. तेव्हा तो म्हातारा म्हणाला, "बस बेटा. तू बसली नाहीस तर मला आज खाडा पडेल."

मुलगी बसली. चढ लागला तशी त्या माणसाची पाठ घामाने भिजली. वाटेत मी मुलांना झाडांची नावे सांगत होते, पण लक्ष त्या पाठीकडेच होते. माणसाने माणसाला ओढू नये, हे मी वर्गात शिकवते. आणि आपण बसलो नाही तर त्याच्या घरी चूल पेटत नाही, हेही खरेच. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात तेव्हा काय करायचे? त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे हाच प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. तो वाद आपण सर्वांनी समजून घ्यावा असा आहे, कारण तो फक्त माथेरानचा नाही.

डोंगरावरचे बेट

माथेरान म्हणजे डोंगरमाथ्यावरचे एक बेटच. भोवती पाण्याऐवजी दऱ्या आहेत एवढेच. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंची, 2011 च्या जनगणनेनुसार वस्ती 4,393. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये इथे चढून आले आणि मुंबईच्या साहेबांना थंड हवेचे ठिकाण सापडले. नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे मात्र साहेबांनी नव्हे, आपल्याकडच्याच एका कुटुंबाने बांधली. मुंबईचे दाऊदी बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेले. 1907 मध्ये गाडी सुरू झाली. त्या काळी सोळा लाख रुपये खर्च आला होता. आजही ती दोन फुटांच्या रुळांवरून वळणे घेत चढते.

मोटारींना मात्र माथेरानने कधीच आत घेतले नाही. 4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी सोडून इतर मोटारींना बंदी कायम राहिली. त्यामुळे इथली हवा स्वच्छ आहे, रात्री रातकिडे ऐकू येतात, लहान मूल रस्त्यावर निर्धास्त खेळते. पण या शांततेची किंमत कोणाच्या तरी खांद्यावर पडत होती. 94 परवानाधारक हातरिक्षावाले, साडेचारशेच्या आसपास घोडे आणि डोक्यावर ओझे वाहणारे हमाल यांच्यावर गावाची सारी ने-आण होती. दूर राहणाऱ्या शाळकरी मुलांना रोज पायपीट होती. म्हाताऱ्या माणसांना पावसाळ्यात घराबाहेर पडणे कठीण होते.

ई-रिक्षा आली आणि वाद पेटला

दरम्यान देशात बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा आल्या. 2014-15 मध्ये केंद्राने नियम आणि कायद्यात दुरुस्ती करून त्यांना मान्यता दिली. चार प्रवासी आणि ताशी 25 किलोमीटरची मर्यादा ठरली. धूर नाही, आवाज नाही. हातरिक्षावाल्यांच्या संघटनेने म्हटले, आम्हाला ही गाडी चालवू द्या, आम्हाला जनावरासारखे जुंपू नका. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 12 मे 2022 रोजी न्यायालयाने प्रयोग म्हणून ई-रिक्षा चालवून पाहण्यास परवानगी दिली. 5 डिसेंबर 2022 रोजी सात ई-रिक्षा दस्तुरी नाक्यावरून धावू लागल्या. शाळकरी मुलांना सवलतीच्या दरात नेऊ लागल्या. प्रयोग तीन महिन्यांचा होता.

घोडेवाले विरोधात उभे राहिले. त्यांना नुसते हटवादी म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण त्यांचे म्हणणे ऐकायला हवे. ते म्हणत होते, आज सात गाड्या आहेत, उद्या सत्तर होतील. मग घोड्यावर कोण बसेल? घोडा म्हणजे काही यंत्र नव्हे की धंदा बसला तर बंद करून कोपऱ्यात ठेवावे. प्रवासी येवो न येवो, त्याला रोज चारा-दाणा लागतो. रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर घोड्याचे पाय घसरतात, अशीही त्यांची तक्रार होती. दुसरीकडे रहिवासी म्हणत होते की दगड-माती पावसात वाहून जाते, त्यावर उपाय हवाच. पर्यावरणप्रेमींना भीती होती की एकदा बॅटरीची गाडी आत आली की तिच्या मागून पेट्रोलची गाडीही येईल.

10 एप्रिल 2024 रोजी न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या वीसवर रोखली आणि त्या मूळच्या हातरिक्षावाल्यांनाच मिळाव्यात असे बजावले. तरी गावातली धुसफूस संपली नाही. दस्तुरी नाक्यावर पर्यटकांची फसवणूक होते, हातरिक्षा आणि ई-रिक्षांची माहिती त्यांना दिली जात नाही, या तक्रारीवरून मार्च 2025 मध्ये गावकऱ्यांनी बेमुदत बंद पुकारला. पर्यटनावर जगणाऱ्या गावाने स्वतःचेच दुकान बंद करावे, यावरून वाद कुठवर गेला होता ते समजते.

न्यायालयाने काय सांगितले?

6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन आणि न्यायमूर्ती एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने निकाल दिला. स्वातंत्र्य मिळून 78 वर्षे झाली तरी माणूस माणसाला ओढतो, ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, म्हणून सहा महिन्यांच्या आत माथेरानच्या हातरिक्षा बंद करा, असा आदेश दिला. पण न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही, आणि मला त्या निकालातला पुढचाच भाग जास्त मोलाचा वाटतो. राज्य सरकारने ई-रिक्षा विकत घ्याव्यात आणि खऱ्या हातरिक्षावाल्यांना भाड्याने चालवायला द्याव्यात. खरे हातरिक्षावाले कोण, हे कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालील सनियंत्रण समितीने ठरवावे. उरलेल्या गाड्या माथेरानच्या आदिवासी महिलांना आणि इतर गरजूंना द्याव्यात. पैसा नाही ही सबब चालणार नाही. पेव्हर ब्लॉक दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर असावेत, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नकोत.

नमुना म्हणून न्यायालयाने गुजरातमधल्या केवडियाचे नाव घेतले. तिथे सरदार पटेलांच्या पुतळ्याच्या परिसरात स्थानिक आदिवासी महिला ई-रिक्षा चालवतात. आपल्या खान्देशाला केवडिया परके नाही. तिथल्याच सरदार सरोवराच्या पाण्याखाली नंदुरबार जिल्ह्यातली 33 गावे आली. ज्यांची जमीन गेली त्यांच्या लेकींच्या हाती निदान गाडीचे हँडल यावे, ही अपेक्षा आपल्याला लवकर कळते.

निकालात 1980 सालच्या एका खटल्याचाही आधार घेतला आहे. पंजाब सरकारने कायदा केला होता की जो स्वतः सायकलरिक्षा चालवतो तोच तिचा मालक असावा, त्यालाच परवाना. हेतू चांगला होता, मालकांची पिळवणूक थांबावी हा. पण अमृतसरच्या गरीब चालकांकडे रिक्षा विकत घ्यायला पैसेच नव्हते. म्हणजे त्यांच्या भल्यासाठी केलेला कायदा त्यांचीच रोजी हिरावून घेत होता. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने कायदा मोडीत काढला नाही. चालकांना बँकेचे कर्ज मिळून ते मालक व्हावेत, अशी योजनाच आखून दिली.

इस्तंबूलची बेटे

असाच प्रसंग तुर्कस्तानात आला. इस्तंबूलजवळ मार्मारा समुद्रात काही छोटी बेटे आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठे बुयुकअदा. तिथेही खासगी मोटारींना बंदी होती आणि शेकडो घोडे बग्ग्या ओढत. डिसेंबर 2019 मध्ये ग्लँडर्स या सांसर्गिक रोगामुळे शंभराहून अधिक घोडे मारावे लागले आणि बग्ग्या थांबल्या. 2020 मध्ये इस्तंबूल महापालिकेने बग्ग्यांचे 277 परवाने आणि घोडे पैसे देऊन विकत घेतले आणि बॅटरीच्या लहान गाड्या आणल्या. बग्गीवाल्याला नुसते घरी बसवले नाही, परवान्याचा मोबदला दिला, हे चांगले झाले. पण वाद तिथेही मिटला नाही. 2024 मध्ये महापालिकेने मोठ्या बॅटरी मिनीबस आणल्या, तेव्हा बेटावरचे लोक रस्त्यात उभे राहिले. आमच्या अरुंद गल्ल्यांना या गाड्या पेलवणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. माथेरानच्या घोडेवाल्यांनी सातच्या सत्तर होतील म्हणून जी भीती सांगितली, ती अगदीच खोटी नाही हे यावरून दिसते. गाडी बॅटरीची असली तरी तिचा आकार आणि संख्या आधी ठरायला हवी, आणि ती तिथे राहणाऱ्यांना विचारून ठरायला हवी.

आमच्या घरातला टांगा

आता शिंदखेड्याकडे येते. माझ्या अब्बांचे वडील, आमचे दादा, टांगा हाकत. सुरतेकडून येणारी गाडी स्टेशनात लागली की टांग्यांची रांग उभी असे. दादांच्या घोडीचे नाव बिजली. ईदच्या दिवशी दादा तिच्या गळ्यात नवे घुंगरू बांधत आणि आम्हा मुलांना गावातून फिरवून आणत. घरची रोजी तिच्या पायांवर होती.

मग ऑटोरिक्षा आल्या. दादा काही रिक्षेच्या विरोधात नव्हते. उलट म्हणाले, "बेचाऱ्या जनावराला आराम मिळेल." त्यांनी अब्बांसाठी रिक्षा घ्यायचे ठरवले. पण परवान्याचा अर्ज, कर्जासाठी जामीनदार, हप्त्याआधी भरायची रक्कम, यातले काहीच जमले नाही. गावातल्या पैसेवाल्या एका माणसाने तीन रिक्षा घेतल्या, त्याला कधी लगामही धरता येत नव्हता. दादांनी बिजलीला सारंगखेड्याच्या यात्रेत विकले. परत आले ते दोन दिवस बोलले नाहीत. अब्बांनी पुढे बारा वर्षे त्याच माणसाची रिक्षा भाड्याने चालवली. प्रवासी मिळो न मिळो, संध्याकाळी मालकाचे भाडे आधी, मग घरचे पीठ-मीठ. तीच रिक्षा अब्बांनी भाड्यातून दोनदा विकत घेतली असती, पण ती कधी त्यांची झाली नाही.

कोणी अन्याय केला असे मी म्हणणार नाही. नियम सर्वांना सारखाच होता. पण ज्याच्याकडे पैसा आहे आणि ज्याच्याकडे फक्त हात आहेत, त्यांना एकाच रांगेत उभे केले की पुढे कोण जाणार हे ठरलेलेच असते.

म्हणूनच माथेरानच्या निकालातला "भाड्याने" हा शब्द मला खटकतो आणि दिलासाही देतो. भाडे सरकारला जाणार, सावकाराला नाही, हा दिलासा. पण ते भाडे किती, किती वर्षे, गाडीची बॅटरी खराब झाली तर खर्च कोणाचा, आणि कधीतरी ती गाडी चालवणाऱ्याच्या नावावर होणार की नाही? हे लिहून ठरले नाही तर माझ्या अब्बांचीच गोष्ट पुन्हा घडेल.

आपण काय विचारायचे?

हा बदल आपल्या गावांतही होतो आहे. धुळ्याच्या रस्त्यांवर ई-रिक्षा दिसतात. राज्य सरकारने 2024 मध्ये निवडक शहरांसाठी महिलांची पिंक ई-रिक्षा योजना जाहीर केली. तीत 20 टक्के रक्कम शासनाची, 70 टक्के बँकेचे कर्ज आणि 10 टक्के महिलेची स्वतःची. आपल्या घरांतल्या किती बहिणींना हे माहीत आहे? आपल्यातले कितीतरी भाऊ टांगा, हातगाडी, रिक्षा, हमाली यांवर घर चालवतात. नवी गाडी आली की आपण एकतर तिला शिव्या देतो किंवा तिचे कौतुक करतो. अर्ज मात्र दुसराच कोणीतरी भरून जातो.

नगरपंचायतीत, मोहल्ल्याच्या बैठकीत असा विषय निघाला की तीन गोष्टी विचाराव्यात. परवाना आधी कोणाला, आज ते काम करणाऱ्याला की पैसे घेऊन येणाऱ्याला? गाड्या किती आणि केवढ्या, ते कोणी ठरवले? आणि ज्याचे जनावर किंवा जुनी गाडी बंद होणार, त्याच्या पोटाचे काय? ज्यांना वाचता-लिहिता येते त्यांनी शेजारच्या रिक्षावाल्याचा अर्ज भरून द्यावा. मजुराला त्याचा हक्क वेळेवर देण्याची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच्यासाठी एक अर्ज भरणे हाही त्या हक्काचाच भाग आहे, असे मला वाटते.

सहलीत हातरिक्षेत बसलेली ती मुलगी आता शिंदखेड्यातच शिवणकाम करते. मागे भेटली तेव्हा मी तिला निकालाची बातमी सांगितली. ती आधी खूश झाली. मग म्हणाली, "टीचर, त्या बाबांना गाडी मिळाली असेल ना?"

अल्लाह करो आणि मिळालेली असो.