क्रिप्टोतली ‘रोजची कमाई’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘क्रिप्टो वर्षभर धरून काय मिळणार? रोज घ्या, रोज विका, रोज कमवा.’ पनवेलमध्ये नोकरी शोधणाऱ्या पदवीधराला आणि निवृत्तीचे पैसे नुकतेच हाती आलेल्याला हा सल्ला सारख्याच आत्मविश्वासाने दिला जातो. मिनिटांत सौदा संपवणारे स्कॅल्पिंग सर्वांत फायद्याचे, मग त्याच दिवशी संपणारे इंट्राडे, मग काही दिवसांचे स्विंग ट्रेडिंग आणि सर्वांत शेवटी होल्डिंग, अशी क्रमवारीही ऐकवली जाते. सौदे वाढले की नफा वाढतो, हे यामागचे गृहीतक. प्रत्यक्षात सौद्यांबरोबर हमखास वाढतो तो खर्च, आणि भारतातले करनियम पाहिले तर ही क्रमवारी टिकत नाही. गणित अवघड नाही; ते न करता लोकांना या वाटेला लावले जाते, याचा संताप येतो.

एक ‘यशस्वी’ सौदा घेऊ. 10,000 रुपयांचे नाणे घेतले आणि अर्धा टक्का वाढताच विकले. नफा 50 रुपये. एक्स्चेंजचे शुल्क दोन्ही वेळा 0.2 टक्के धरले तर 40 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 7.20 रुपये. उरले 2.80 रुपये. पण 2022 च्या अर्थसंकल्पापासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण 31.2 टक्के द्यावे लागतात, आणि खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा होत नाही. खरेदीचे शुल्क त्या किमतीत धरू दिले तरी करपात्र नफा 26.40 रुपये आणि कर सुमारे 8.24 रुपये होतो. सौदा जिंकूनही खिशातून साडेपाच रुपये गेले! दिवसाला असे वीस सौदे ‘जिंकले’ तर तोटाही वीसपट.

याहून मोठा फटका तोट्याच्या नियमाचा आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, हे अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी मार्च 2022 मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. वर्षभरात काही नाण्यांत 1 लाख मिळवले आणि इतर नाण्यांत 80 हजार घालवले, तर हाती 20 हजार दिसतात. कर मात्र पूर्ण लाखावर, 31,200 रुपये. म्हणजे वर्षाअखेर 11,200 रुपयांचा तोटा. असे वेगवेगळ्या नाण्यांत सौदे करणाऱ्याला 100 रुपये तोट्यामागे किमान 145 रुपये नफा झाला, तर कुठे बरोबरी होते. त्यात 1 जुलै 2022 पासून ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रीवर 1 टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, सौद्यात तोटा झाला तरी. विक्रीतून आलेली सगळी रक्कम पुन्हा गुंतवत राहिलात, तर भाव जागचा हलला नाही तरी 69 विक्रींनंतर निम्मे भांडवल कापले गेलेले असते. विवरणपत्र भरल्यावर देय करापेक्षा जास्त कापलेली रक्कम परत मिळते. तोवर ती ट्रेडिंगला उपयोगी नाही.

यावर उत्तर येते, ‘कुशल माणूस कमावतोच.’ काही जण कमावतात, पण प्रमाण बघा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या जुलै 2024 च्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये शेअर बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जण तोट्यात होते. वर्षात 500 हून जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण 80 टक्के होते. शेअरच्या इंट्राडे व्यवहारात निदान तोटा नफ्यातून वजा होतो. क्रिप्टोत तीही सोय नाही. ‘मग फ्युचर्स करा, तिथे टीडीएस कापत नाहीत,’ हा पुढचा सल्ला. वीसपट लिव्हरेज घेतले, म्हणजे लावलेल्या रकमेच्या वीसपट मोठा सौदा केला, तर भाव 5 टक्के विरुद्ध जाताच लावलेली रक्कम साफ होते, आणि क्रिप्टोत 5 टक्के ही एका दिवसाची हालचाल असते.

मग होल्डिंग सुरक्षित का? तेही नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरजवळ गेलेला बिटकॉइन वर्षभरात 16 हजारांवर आला. मे 2022 मध्ये लुना या नाण्याचा भाव काही दिवसांत जवळजवळ शून्य झाला. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या 2022 च्या अंदाजानुसार बिटकॉइन घेणाऱ्या सुमारे तीन-चतुर्थांश सामान्यांना तोटाच झाला. धरून ठेवल्याने खर्च वाचतो, नफा निर्माण होत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. वर्षभर धरल्यास कर कमी होतो: नाही, दर तोच. टीडीएस कापला की कर संपला: नाही, विवरणपत्रात हिशेब द्यावाच लागतो. कर घेतात म्हणजे सरकारने हमी दिली: मुळीच नाही. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट 2021 मध्ये रद्द झाला, तेव्हा ठेवीदारांना 5 लाखांपर्यंत विमा होता. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवरून सुमारे 2,000 कोटींची क्रिप्टो चोरीला गेली, तेव्हा ग्राहकांना असा कोणताही विमा नव्हता.

म्हणून स्कॅल्पिंग की होल्डिंग, हा प्रश्न नंतरचा. आधी असा सल्ला देणाऱ्याकडे त्याचे वर्षभराचे नफ्याचे आणि तोट्याचे आकडे वेगवेगळे मागा, कर फक्त नफ्यावर लावा आणि मग तोटा वजा करा. हा हिशेब जो दाखवत नाही, त्याच्या सांगण्यावरून एक रुपयाही लावू नका.