एक दाढ गेली, त्याचे काय?

"एकच दाढ गेली, काय बिघडलं?" असे आपल्या आयाबहिणी म्हणतात. पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात हळूहळू कलतात, समोरच्या जबड्यातला दात त्या फटीत सरकतो आणि भाकरीचा घास नीट चावला जात नाही.

ब्रिज बसवताना दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर कॅप चढवतात. मधला कृत्रिम दात त्यांना जोडलेला असतो. घासलेला दात पूर्ववत होत नाही. म्हणून शेजारचे दात निरोगी असतील तर काढता-घालता येणारी कवळी किंवा इम्प्लांट चालेल का, हे आधी विचारा.

पनवेल तालुक्यात कामोठे व खारघर येथे दंत महाविद्यालये आहेत. तेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो.

ब्रिजखालची जागा रोज स्वच्छ ठेवा. आणि मिश्री सोडाच!