वीणा खाली ठेवायची नाही

दिवाळीला इंदूरला घरी आले की आजीचा प्रश्न ठरलेला, "तू नक्की करतेस काय गं तिथे?" दरवेळी मी "मेंदूवर संशोधन" म्हणून सुटका करून घ्यायचे. यंदा ती सोडेना. आजी ८१ वर्षांची. सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, पण माहेरच्या सप्ताहात कोण कुठे बसायचं ते तोंडपाठ. हे एवढं टिकतं कसं, हेच तिला खरं विचारायचं होतं.

आठवण मज्जापेशींच्या सांध्यांत, म्हणजे सिनॅप्समध्ये साठते असं आम्ही मानतो. १९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत दाखवलं की भराभर संदेश गेले की सांधा नंतर तासन्‌तास जास्त जोमाने काम करतो. पण सांध्यातली प्रथिनं मोडतात, त्यांच्या जागी नवी येतात. मग आठवण वर्षानुवर्षं कशी राहते? १९८४ मध्ये फ्रान्सिस क्रिक यांनाही हाच प्रश्न पडला होता.

मी आजीला सप्ताहातली वीणा आठवून दिली. पहाऱ्याची माणसं बदलतात, वीणा खाली टेकत नाही. सांध्यात कॅमकेटू नावाचं एन्झाइम असतं, साधारण १२ तुकडे एकत्र जोडलेलं. आत कॅल्शियम शिरलं की ते जागं होतं आणि एक तुकडा शेजारच्याला फॉस्फेटची खूण लावतो. मग कॅल्शियम ओसरलं तरी जाग राहते. जुना तुकडा गेला तरी नव्याला शेजारी खूण लावेल, अशा धर्तीची कल्पना जॉन लिस्मन यांनी १९८५ मध्ये मांडली. १९९२ मध्ये या एन्झाइमचा मुख्य प्रकार नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांना हौदातल्या पाण्याखाली लपवलेला पाट शोधायला नीट शिकताच येईना.

आजी खूश. मला मात्र पुढचंही सांगावं लागलं. जिवंत सांध्यात पाहिलं तर ही जाग काही मिनिटांतच मावळते!

आणि एन्झाइम एकटं नसतंच. पीएसडी-९५ हे प्रथिन परांचीसारखं काम करतं, संदेश घेणारे रेणू जागच्या जागी धरून ठेवतं. १९९८ मध्ये त्यात बिघाड केलेल्या उंदरांचे सांधे उलट जास्तच सहज बळकट होत होते, पण शिकण्यात ते मागे पडले. (सगळंच ठळक झालं तर वेगळं काय उठून दिसणार, असं आपलं मला वाटतं.) २०२३ च्या एका शोधनिबंधाने तर कॅमकेटूलाच परांचीच्या रांगेत बसवलं. सांधा बळकट व्हायला सुरुवात होते ती त्याने इतरांना खूण लावल्यामुळे नाही, ते योग्य रेणूला जाऊन चिकटल्यामुळे.

"म्हणजे वीणेकऱ्याने नुसतं उभं राहिलं तरी चालतं?" आजीने विचारलं.

"जागेवर उभं राहायला हवं."

"आमच्याकडेही तेच होतं," म्हणत तिने गोळ्यांचा डबा उघडला. मंगळवारचा कप्पा अजून भरलेलाच होता.